बेटाच्या पोटातलं गोडं पाणी

प्रशांत महासागरातली छोटी बेटं समुद्रात बुडणार, ही गोष्ट आता शाळकरी मुलांच्या निबंधातसुद्धा येते. निबंधातलं चित्र ठरलेलं असतं. पाणी चढतंय, किनाऱ्यावरचा माड आडवा झालाय, घराच्या पायरीला लाटा लागल्यात आणि एक दिवस सगळं पाण्याखाली. चित्र खोटं नाही, पण त्यातला क्रम चुकलेला आहे. जमीन बुडायच्या कितीतरी आधी अशा बेटावर स्वतःचं म्हणून शिजवायला काही उरत नाही. बेट जागच्या जागी असतं, माडही उभे असतात, नकाशावर बेट कदाचित थोडं वाढलेलंही असतं, आणि तरी तिथली चूल परक्या धान्यावर पेटत असते. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर बेटाच्या काठाकडे बघत बसून भागत नाही. त्याच्या पोटात उतरावं लागतं.

उदाहरण म्हणून किरिबाटी घेऊ. तिथले लोक उच्चार ‘किरिबास’ असा करतात. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना विखुरलेली ही ३३ बेटं. सगळी जमीन गोळा केली तरी सुमारे ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटही नाही. हक्काचा समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या भूभागापेक्षा मोठा. माणसं एक लाख वीस हजारांच्या आसपास. बनाबा हे एक उंच बेट सोडलं तर बाकी सगळी प्रवाळाची सखल बेटं. त्यातली बरीचशी कंकणद्वीपं: मध्ये लगूनचं शांत पाणी आणि भोवती जमिनीची अरुंद, तुटक कडा. ही जमीन समुद्रापेक्षा बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटरच उंच. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. आपण ज्याला माती म्हणतो तीही नाही. पायाखाली प्रवाळाचा चुरा, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे. सगळा चुन्याचा कारभार. पाऊस पडला की डबकंसुद्धा साचत नाही, पाणी थेट आत जातं.

आत म्हणजे कुठे? चारी बाजूंनी समुद्र आहे, जमीन चाळणीसारखी सच्छिद्र आहे, म्हणजे बेटाच्या खालीही समुद्राचंच पाणी आहे. पावसाचं पाणी त्या खाऱ्या पाण्याला जाऊन भेटतं, पण लगेच मिसळून जात नाही. गोडं पाणी हलकं असतं, खारं अडीच टक्क्यांनी जड. म्हणून गोडं पाणी रश्श्यावरच्या तर्रीसारखं वर तरंगत राहतं. फरक एवढाच, की तर्री वर दिसते आणि हा गोड्या पाण्याचा साठा बराचसा समुद्रसपाटीच्या खाली दडलेला असतो. मध्ये जाड, कडांकडे पातळ होत गेलेला, भिंगाच्या आकाराचा. डच अभियंता बॅडन घायबेन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मन हर्झबर्ग याने १९०१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचा हिशोब मांडला: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं.

हा हिशोब उलटा वाचला की अंगावर काटा येतो. वरची पातळी एका वितीने खाली गेली, तर खालून कित्येक मीटर खारं पाणी वर येऊ शकतं. आणि प्रत्यक्षात चाळीस मीटरची चैन कुणाच्या नशिबात नसते. वरच्या वाळूखाली पंधरा-वीस मीटरवर जुना, भोकाभोकांचा चुनखडक लागतो. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून आत-बाहेर धावतं आणि गोडं-खारं घुसळून टाकतं. त्यामुळे चांगल्या रुंद बेटावरही वापरता येईल असं गोडं पाणी दहा-वीस मीटरांचंच. बेट दोन-अडीचशे मीटरपेक्षा अरुंद असेल, तर भिंग धड तयारच होत नाही. विहीर खणा, मचूळ पाणी लागणार. म्हणजे एखादं बेट माणसाला पोसेल की नाही हे त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्याची रुंदी किती, पाऊस किती आणि किती नियमित, यावर ते ठरतं.

याचा पुरावा हवामानबदलाच्या चर्चेच्या कितीतरी आधीचा आहे. ब्रिटिश वसाहतीच्या काळात गिल्बर्ट बेटांवर, म्हणजे आजच्या किरिबाटीच्या पश्चिम भागात, माणसं फार झाली असं सरकारला वाटलं. १९३८ पासून तिथली कुटुंबं पूर्वेकडच्या फिनिक्स बेटांवर नेऊन वसवायला सुरुवात झाली. ओरोना, मानरा, निकुमारोरो. माड लावले गेले, घरं उभी राहिली. मग दुष्काळ आले, विहिरींचं पाणी मचूळ झालं, आणि १९६३ च्या सुमारास वस्ती उठवून लोकांना आणखी दूर सॉलोमन बेटांवर हलवावं लागलं. ती बेटं आजही समुद्राच्या वरच आहेत. बुडालं काहीच नव्हतं. पोटातलं पाणी पुरलं नव्हतं.

आता जेवणाकडे येऊ. अशा जमिनीत काय उगवतं? माड, केवड्याच्या जातीचा पँडॅनस, नीरफणस, थोडी अंजिराच्या कुळातली झाडं. ही सगळी सोशिक मंडळी, मुळं लांबवून भिंगातलं पाणी ओढणारी. माडाच्या पोयीतून सकाळ-संध्याकाळ रस काढतात, तिथे त्याला कारेवे म्हणतात. ताजा असेल तर आपल्या नीरेसारखा, आटवला तर काकवीसारखा. मासे तर आहेतच. माणशी सर्वाधिक मासे खाणाऱ्या देशांत किरिबाटीचा नंबर वरचा. पण पोटभरीचं, पंगतीत मानाने वाढायचं, ज्यावरून घराण्याची पत ठरते असं अन्न म्हणजे बाबाई. शेजारच्या तुवालू या बेटदेशात त्याच कंदाला पुलाका म्हणतात.

बाबाई हा आपल्या अळवाचा, सुरणाचा भाईबंद, फक्त राक्षसी आकाराचा. पानाखाली माणूस सहज उभा राहील. सुरणासारखाच कच्चा खाल्ला तर घसा खाजवतो, म्हणून चांगला शिजवावा लागतो. याला पाय कायम ओले लागतात. नदी-ओढा नसलेल्या, पाणी क्षणात जिरवून टाकणाऱ्या वाळूत ओल आणायची कुठून? तिथल्या लोकांनी पाणी वर आणण्याच्या भानगडीत न पडता पीकच खाली नेलं. बेटाच्या मध्यावर, जिथे भिंग सगळ्यात जाड, तिथे प्रवाळाचा कठीण थर फोडून पुरुषभर, कधी त्याहून खोल खड्डा खणायचा, थेट पाणी लागेपर्यंत. लोखंड माहीत नव्हतं तेव्हा हे शिंपले, कासवाची पाठ आणि लाकडी दांडे यांच्या जोरावर केलेलं काम आहे. खड्डे एकदा खणले की पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि जमिनीसारखेच वारसाने मुलामुलींकडे येतात.

खड्ड्याच्या तळाशी वाळू आणि पाणी. त्यात पोषण शून्य. म्हणून रोपाच्या बुंध्याभोवती पँडॅनसच्या पानांची, तळ नसलेली टोपली विणून बसवायची आणि तिच्यात थर भरायचे. वाळवून चुरलेली पानं, वर काळी माती, पुन्हा पानं. कोणत्या झाडाची पानं, किती दिवस वाळवलेली, चंद्राच्या कोणत्या तिथीला घालायची, यात घराघराचं गुपित असतं. कौरा नावाच्या एका झुडपाची पानं फार चांगली मानतात. हे झुडूप आपल्या रानात उगवणाऱ्या चिकण्याच्या कुळातलं. रोप वाढत गेलं की टोपलीही वर वाढवायची. कंद मोठा झाला की काढताना त्याचं डोकं देठासकट कापून तिथेच पुन्हा लावायचं. रोजच्या खाण्याची काटुटू नावाची जात वेगळी, आणि लग्नाकार्यात, मानेआबात म्हणजे गावाच्या सभागृहात मिरवायची इकाराओई वेगळी. ही दुसरी वर्षानुवर्षं जमिनीत राखून ठेवतात. कंद जुना तेवढा मोठा, आणि मोठा तेवढी घराची शान.

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण मुद्द्याचा गाभा इथेच आहे. आपल्याकडे धान्य पिकतं शेतात आणि साठतं कणगीत. बाबाईच्या खड्ड्यात शेत आणि कणगी एकच. दुष्काळ पडला, वादळात नीरफणस झडला, मासे मिळेनासे झाले, तरी जमिनीखालचा कंद जागच्या जागी. तो कापून ठेवावा लागत नाही, आणि जितका राहील तितका वाढतो. शिवाय खड्ड्यात नुसता कंद साठत नाही, काळही साठतो. आजोबांनी घातलेली पानं कुजून जी काळी माती झाली तीवर नातवाचं पीक उभं असतं. वाळूच्या देशात माती ही निसर्गाची देणगी नसून कुणीतरी मुठीमुठीने केलेली वस्तू आहे. आणि हा सगळा डोलारा उभा आहे तो भिंगाच्या वरच्या पदरावर, गोड्या पाण्याच्या वीतभर पातळीवर.

समुद्र तिथे कसा पोहोचतो? किनारा ओलांडून, हे एक उत्तर. पण पहिली वाट ती नाही. समुद्राची पातळी चढते तसं भिंग तिच्यावर तरंगत असल्याने तेही वर उचललं जातं. बेट रुंद आणि पाऊस भरपूर असेल तर एवढ्याने ते खारं होत नाही. उलट मध्यावरच्या सखल भागात पाणीच पाणी होतं आणि खड्डे आपोआप जास्त बुडू लागतात. तुवालूच्या फुनाफुटी बेटावर मोठ्या उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीतून बुडबुडत वर येतं. किनाऱ्यावर लाट फुटलेली नसते आणि रस्त्याच्या मधोमध घोटाभर पाणी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकनांनी तिथे धावपट्टी बांधली. तेव्हा पुलाकाची चांगली जागा तिच्याखाली गेली आणि भरावासाठी बेट जागोजाग उकरलं गेलं. त्या खळग्यांत पुढे कित्येक दशकं समुद्र खालून डोकावत राहिला. म्हणजे सगळंच पाप हवामानाच्या माथी मारता येत नाही. काही हिशोब जुने आहेत.

दुसरी वाट आभाळाची. ला निन्याच्या वर्षांत मध्य प्रशांतातला पाऊस रुसतो. २०११ मध्ये तुवालूने पाणीटंचाईपायी आणीबाणी जाहीर केली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानाने पाठवावी लागली. पाऊस नाही म्हणजे भिंगाला वरून भर नाही, आणि उपसा तर चालूच. मग ते खालून बारीक होत जातं.

तिसरी वाट लाटांची, आणि ती सगळ्यात निर्दय. फेब्रुवारी २००५ च्या अखेरीस पर्सी नावाचं चक्रीवादळ कुक बेटांतल्या पुकापुकावरून गेलं. लाटा बेट ओलांडून आत शिरल्या आणि अळवाची दलदल समुद्राच्या पाण्याने भरली. नंतर शास्त्रज्ञांनी भिंगाची मोजमापं घेतली. वरचं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे अकरा महिने लागले, आणि दोन वर्षं उलटून गेल्यावरही मधल्या खोलीवर एक खारट थर अडकून पडलेला होता. मार्च २०१५ मध्ये पॅम वादळाचा डोळा तुवालूपासून शेकडो किलोमीटर दूर होता, तरी त्याच्या लाटांनी नुई बेटावरचे पुलाकाचे खड्डे खारवले. यातली खरी क्रूर गोष्ट अशी की खड्डा हाच बेटावरचा सगळ्यात सखल भाग. ज्या खोलीमुळे मुळांना पाणी मिळालं, तीच खोली समुद्राचं पाणी गोळा करते आणि सावकाश खाली भिंगात सोडते. उंचावरच्या माडाखालून खार पावसाने धुऊन जातो, खड्ड्यात तो ठाण मांडून बसतो. पंधरा वर्षांचा कंद एका रात्रीत कुजायला लागतो, आणि नवा लावायचा तर आधी मातीच पुन्हा करायची.

कोकणातल्या वाचकाला यातलं अर्धं सांगावं लागणार नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांड पडली आणि उधाणाचं पाणी भातशेतीत शिरलं, की दोन-तीन पावसाळे ती जमीन हातची गेली हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारी भाताची वाणं काढली ती याच दुखण्यापायी. पण खारेपाटाला पाठीशी सह्याद्रीचा पाऊस आहे, खार वाहून न्यायला उतार आहे, आणि एक साल वाया गेलं तर पेणच्या बाजारात तांदूळ आहे. कंकणद्वीपाला पाठच नाही; दोन्ही बाजूंना समुद्रच.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. तुवालूच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं संशोधक पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिली. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की एकूण जमीन घटली नाही, उलट २.९ टक्क्यांनी वाढली. लाटा वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात, बेटं सरकतात, आकार बदलतात. हवामानबदल म्हणजे थोतांड असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोक्यावर घेऊन नाचवला. बेटं बुडणारच असं म्हणणाऱ्यांनी तो गिळून टाकला. दोघांनीही एकच गोष्ट मोजली होती: जमीन. पण लाटांनी काठावर टाकलेली नवी वाळू पुलाकाच्या कामाची नसते. तिच्याखाली भिंग असेलच असं नाही, वर माती तर नाहीच. आणि ज्या लाटा वाळू आणतात त्याच ओसंडून आत आल्या तर मधला खड्डा खारवतात. बेट वाढेल आणि अन्न घटेल, हे दोन्ही एकाच लाटेने होऊ शकतं. त्याच वर्षी मार्शल बेटांतल्या रोई-नामूरवर केलेल्या अभ्यासातून स्टोरलाझी आणि सहकाऱ्यांनी हेच दुसऱ्या टोकाने मांडलं: बहुतेक कंकणद्वीपं या शतकाच्या मध्यापर्यंतच राहण्याजोगी उरणार नाहीत. कायमची बुडाल्यामुळे नाही. लाटा वरचेवर आत येऊन पाणी नासवतील म्हणून.

मग तिथले लोक उपाशी आहेत का? नाहीत. त्यामुळे तर हा प्रश्न डोळ्यांत भरत नाही. दुकानात तांदूळ आहे, मैदा आहे, साखर आहे, डबाबंद गोमांस आहे, नूडल्सची पाकिटं आहेत. आपल्या पाण्यातल्या ट्यूनाच्या मासेमारीचे परवाने परदेशी जहाजांना विकणं हे किरिबाटी सरकारचं सगळ्यात मोठं उत्पन्न. म्हणजे दारातला मासा विकून परदेशातला तांदूळ घ्यायचा. राजधानी असलेल्या दक्षिण तारावाच्या सुमारे सोळा चौरस किलोमीटर चिंचोळ्या पट्टीवर देशातली निम्म्याहून अधिक माणसं राहतात. तिथे खड्डे खणायला जागा नाही, आणि विहिरींत संडासाचं पाणी उतरतं. १९९६ च्या रोममधल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली ती माणसाकडे बघते: त्याला सदासर्वकाळ पुरेसं, सुरक्षित, पोषक अन्न मिळवता येतं का? पोतं दुकानात आहे आणि खिशात पैसा आहे, तोवर कागदावर उत्तर जवळजवळ ‘हो’ येतं. ‘पोषक’ या अटीवर मात्र गाडी अडते, कारण मधुमेहाच्या जागतिक यादीत ही बेटं अगदी वर आहेत.

तांदळाला नावं ठेवणं मात्र अन्यायाचं होईल. खड्ड्यांच्या काळात सगळं गोकुळ होतं असं कुणी सांगत असेल तर त्याला इतिहास ठाऊक नाही. दुष्काळात या बेटांवर माणसं मरत. आपल्याच लक्षद्वीपमध्ये १८४७ च्या एप्रिलमध्ये मोठं चक्रीवादळ आलं. कळपेनी आणि आंद्रोतवरून समुद्र फिरला, माड उन्मळले. त्यातून वाचलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या काही महिन्यांत उपासमारीने गेले, आणि कित्येकांनी मलबारचा किनारा गाठला. जहाज वेळेवर येणं ही त्या माणसांसाठी केवढी गोष्ट असती! तेव्हा जहाजाचं अन्न वाईट नाही. खड्डा आणि जहाज असे दोन आधार असतील तर बेट पूर्वीपेक्षा भक्कम उभं राहतं. माझी तक्रार एवढीच, की दुसरा आधार आल्याच्या आनंदात पहिला निखळतोय हे कुणाच्या खिजगणतीत नाही.

लक्षद्वीपचं आजचं चित्र बघा. ३६ बेटं, त्यांतली दहा वस्तीची, एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३ माणसं. माड आणि ट्यूना स्वतःचे, तांदूळ केरळच्या बंदरांतून. पावसाळ्यात लहान गलबतांची ये-जा थांबते म्हणून धान्य आधीच भरून ठेवावं लागतं. इथल्या विहिरींखालीही तेच भिंग, आणि तेही वाढत्या उपशाने थकलेलं. म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने एक सुरेख प्रकल्प उभारला. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं आणि काही शे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी. पुढे मिनिकॉय, अगत्तीतही तसेच प्रकल्प आले. लोकांची पिण्याच्या पाण्याची वणवण खरोखर कमी झाली. पण पंप चालतात विजेवर, बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर, आणि डिझेल येतं जहाजातून. आधी तांदूळ जहाजाने आला, मग पाणीही एका अर्थी जहाजानेच यायला लागलं. आणि यंत्राचं पाणी हंड्यात भरता येतं, खड्ड्यात नाही. कंदाला हवी असते वर्षभर मुळांशी टेकलेली पातळी. नळाने ती देता येत नाही.

किरिबाटीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अनोटे टाँग यांना हे बहुधा कळलं होतं. त्यांच्या सरकारने २०१४ मध्ये फिजीतल्या व्हानुआ लेव्हू बेटावर वीसेक चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, चर्च ऑफ इंग्लंडच्या मालमत्तेतली. जगभर बातमी झाली ती ‘बुडणाऱ्या देशाने नवा देश विकत घेतला’ अशी. सरकारचं सांगणं मात्र अन्न पिकवण्यासाठी जमीन हवी असंही होतं. त्या जमिनीवर आधीच लोक राहत होते, सॉलोमन बेटांतून पूर्वी मजुरीला आणलेल्यांचे वंशज. पुढे २०१६ मध्ये सत्ता बदलली आणि स्थलांतराची भाषा मागे पडली. समजा उद्या तिथे भरघोस पीक आलं, तरी ते तारावाला पोहोचायला दोन हजारांहून अधिक किलोमीटर समुद्र ओलांडावा लागेल. म्हणजे पुन्हा जहाजच.

बेटावरच काही करता येईल का, याचेही प्रयोग चालू आहेत. फिजीतल्या सुवामधल्या पॅसिफिक पिकांच्या केंद्रात अळू-कंदांच्या शेकडो जाती काचेच्या नळ्यांत जपल्या आहेत. त्यांतल्या खार सोसणाऱ्या निवडून बेटांवर पाठवतात. फुनाफुटीला तैवानच्या मदतीने भाजीमळा उभा राहिला आहे. मायक्रोनेशियात काही ठिकाणी समुद्राशी संबंध तोडून सिमेंटच्या हौदांत अळू लावतात. त्याच फुनाफुटीला समुद्रातली वाळू उपसून सुमारे सात हेक्टर उंच जमीन तयार झाली, आणि तुवालूच्या दीर्घकालीन आराखड्यात अशी ३.६ चौरस किलोमीटर उंच जमीन आहे. घरं, दवाखाना, शाळा त्यावर सुरक्षित राहतील. कामं चांगली आहेत. पण हौद असो, वाफा असो की उंच केलेली वाळू, प्रत्येकात माती बाहेरून आणावी किंवा नव्याने करावी लागते, आणि पानं कोणती, तिथी कोणती हे जाणणारी माणसं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची वाट धरू लागली आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये तुवालूशी केलेल्या करारानुसार वर्षाला २८० जणांना तिथे जाता येतं. अकरा हजारांच्या आसपास वस्तीच्या देशातून.

आता पैशाची गोष्ट. २०२२ च्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी वेगळा निधी काढायचं ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. घर पडलं, धक्का वाहून गेला, तर त्याची किंमत लावता येते. नुईवरच्या खारट झालेल्या खड्ड्याचं काय लावायचं? वर्षाला निघणाऱ्या कंदांचं वजन धरून तेवढ्या तांदळाचे पैसे दिले, तर रक्कम इतकी किरकोळ होईल की अर्ज भरायचेही श्रम वाया जावेत. पण आजोबांच्या पानांपासून झालेली माती, राखून ठेवलेला कंद, दुष्काळात जहाजाची वाट न बघण्याची मुभा आणि खालचं गोडं पाणी हे सगळं धरायचं म्हटलं, तर पंचनामा करायला कोण जाणार आणि कोणत्या रकान्यात लिहिणार? मोजायला सुरुवात करायची असेल तर ती फार महाग नाही. खड्ड्याखड्ड्यात पाण्याचा खारटपणा मोजणारी साधी उपकरणं बाजारात आहेत, फुनाफुटीच्या खड्ड्यांत तशी मोजणी पूर्वी झालेलीही आहे. समुद्राची पातळी मोजणाऱ्या नोंदी जशा वर्षानुवर्षं ठेवल्या जातात, तशा या खड्ड्यांच्याही ठेवल्या, तर कुठलं बेट किती बुडालं यापेक्षा कुठल्या बेटाची कणगी किती रिकामी झाली हे आधी कळेल.